बत्तिसावा उतारा

ग्रंथपाल गेले, त्यांच्या शोकसभेत मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि माझा डावा पाय झोपला होता. खरं तर मला जायचंच नव्हतं. हल्ली शोकसभांचा कंटाळा येतो. तीच माणसं, त्याच घडीच्या खुर्च्या, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण दोन मिनिटांत स्वतःवर घसरतो. पण पस्तीस वर्षं या माणसाने मला पुस्तकं काढून दिली होती, न जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून गेलो आणि पाय हलवता येईल अशी जागा न मिळाल्याने चिडून बसलो. शेवटी चष्मेवाली उठली. चष्मेवाली म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी. आता माझ्याच जागेवर शिकवते, आणि माझ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं कामही तिच्याकडेच आहे. ती चांगली बोलते, थोडक्यात बोलते. म्हणाली, ग्रंथपाल स्वतः कधी कुठे गेले नाहीत, त्यांनी एक ओळ लिहिली नाही, पण आपण सगळे जिथे जिथे जाऊन आलो ते त्यांच्या काउंटरवरून. मग तिने कागद न बघता एक वाक्य म्हटलं. "जहाज बंदराला लागलं की सगळे खलाशाला विचारतात, वारा कसा होता. किनाऱ्याला कुणी विचारत नाही, तू कसा होतास."  मागे कुणीतरी नाक ओढलं. "हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आहे," चष्मेवाली एका ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव घेऊन म्हणाली, "आपल्या सरांच्या पुस्तकातलं," आणि तिने माझ्याकडे हात केला. दहा-बारा माना वळल्या. मी कसनुसा हसलो, मान डोलावली, पण हे वाक्य अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीही म्हटलेलं नव्हतं.

घरी चालत आलो. बस होती, पण बसमध्ये कुणीतरी भेटलं असतं आणि "काय सुंदर वाक्य हो सर" म्हणालं असतं. ज्या माणसाच्या नावावर चष्मेवालीने ते वाक्य घातलं त्याला आम्ही घरात बंदरवाला म्हणायचो. त्याचं खरं नाव लांबलचक; मुलगी लहान असताना तिला ते म्हणता येत नसे आणि तो बंदराच्या गावचा, म्हणून बंदरवाला. जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांत तो काही फार मोठा नव्हे. त्याने एकच पुस्तक लिहिलं आणि ते बुडालं. उरली ती इतरांनी आपापल्या पुस्तकांत दिलेली त्याची वाक्यं, तीही बहुतेक त्याला खोडून काढण्यासाठी दिलेली. म्हणजे असं की एक चिडका पंडित लिहितो, 'हा गाढव असं असं म्हणतो,' आणि गाढवाचं वाक्य आपल्याला मिळतं. पंडिताचा राग नसता तर वाक्यही नसतं. माझा सगळा जन्म या असल्या वाक्यांत गेला. कुणाचं काय, कुणी दिलं, कुठल्या पानावर, त्याचेच शब्द की देणाऱ्याने पदरचं घातलंय. या सगळ्या बुडालेल्या लोकांचे मिळतील तेवढे तुकडे गोळा करून, भाषांतर करून, विद्यार्थ्यांना हाताशी मूळ साधन असावं म्हणून मी एक जाडजूड पुस्तक केलं. चारशे बारा पानं. एकोणीस वर्षांत पाच आवृत्त्या. बंदरवाल्याची त्यात एकतीस वाक्यं. एकतीसच. मला ती मूळ भाषेत पाठ आहेत. दाढी करताना म्हणू शकतो. त्यांत जहाज आहे, वल्हं आहे, मीठ आहे, एक मेलेला मासा आहे. किनारा नाही.

बूट न काढता मी कपाटातून पुस्तक काढलं. पान एकशे अठ्ठ्याऐंशी. एकतिसाव्याच्या खाली, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात, बत्तीस. खाली बारीक टाइपात आधार दिलेला: कोश, भाग चार, प्रकरण सतरा. मी पुस्तक घेऊन खुर्चीत बसलो. आणि मग एक विचित्र गोष्ट आठवली. परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न यायचा, बंदरवाल्याचे किती उतारे उपलब्ध आहेत. आणि दरवर्षी काही मुलं 'बत्तीस' लिहायची आणि मी अर्धा गुण कापायचो. वर शेरा मारायचो, 'पुस्तक नीट वाचा.' एकदा एक मुलगा पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आला होता, पान उघडून दाखवायला. मी त्याला दारातूनच परत पाठवला. पुस्तक माझं, आणि हा मला दाखवणार! त्याचा चेहरा आठवत नाही. हातातलं पुस्तक आठवतं, तपकिरी कव्हर घातलेलं.

खरं सांगायचं तर पहिल्या धक्क्यानंतर मला बरं वाटलं. लाज वाटावी असं बरं वाटलं. कारण ते वाक्य ओळखीचं होतं, कानात कुठेतरी पडलेलं होतं, आणि बंदरवाल्याचं नव्हतं, म्हणजे माझंच असणार. दुसरं कुणाचं असणार? कधीतरी उताऱ्यावर टीप म्हणून मी लिहिलं असेन आणि ते चुकून उताऱ्यांत गेलं. म्हणजे एकोणीस वर्षं मी अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हणून खपलो आणि एकालाही संशय आला नाही! मी आरशात बघितलं नाही, पण बघितलं असतं तर हसताना सापडलो असतो. मग नेहमीप्रमाणे चूक कुणाची याचा शोध सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे ती हिची निघाली. ही म्हणजे माझी बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली. पुस्तकाची सगळी कार्डं हिच्या हातची. आमची पद्धत अशी होती: उताऱ्याला पांढरं कार्ड, दुसऱ्या कुणी त्या माणसाबद्दल दिलेल्या माहितीला पिवळं, आणि आमचं स्वतःचं काही मत असेल तर तेही पांढऱ्यावरच, पण वरचा उजवा कोपरा कापायचा. पांढरी कार्डं स्वस्त मिळत म्हणून. कोपरा ही कापायची, नखं कापायच्या कात्रीने. मी सांगायचो, ती लिहायची, आणि माझं मत आलं की मी नुसतं "आपलं" म्हणायचो आणि ती कात्री उचलायची. तर या एका कार्डाचा कोपरा कापायला ही विसरली, असा निकाल मी बूट काढता काढता देऊन टाकला. शुक्रवारी नवी आवृत्ती छापायला जायची होती. तोवर चष्मेवालीला फोन करायचा, बत्तिसावा काढायला सांगायचा, आणि प्रस्तावनेत एक मिस्कील ओळ घालायची की दिवंगत पत्नीच्या नजरचुकीने प्रस्तुत संपादकाचं एक वाक्य उताऱ्यांत शिरलं. मनातल्या मनात ओळ तयारसुद्धा झाली होती.

कार्डांचे खोके पलंगाखाली होते. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर आम्ही ते काम केलं. ताटं उचलली की ती ओल्या फडक्याने टेबल पुसायची, मग कोरड्याने, मग वर्तमानपत्र अंथरायची. मुलगी एका कोपऱ्यात गृहपाठ करायची. हिला ग्रीक येत नव्हतं, अक्षरं मात्र शिकली होती, आधारांचे आकडे, भाग, प्रकरणं बिनचूक उतरवायची आणि कधी कधी हात थांबवून विचारायची, "अहो, पण हा असं का म्हणाला असेल?" मी म्हणायचो, "अगं, ते पुढच्या कार्डावर." पुढच्या कार्डावर ते कधीच नसायचं. मला वेळ नसे. कॉलेज, तपासायचे पेपर, कुणाकुणाशी चाललेली भांडणं. भांडणं मी मनापासून करायचो. दुसऱ्याने चुकीचा आधार दिला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. चष्मेवालीचा प्रबंध मी एक वर्ष अडकवून ठेवला होता, एका उताऱ्याचं पान चुकलं म्हणून. एका पानाचं! ती माझ्या खोलीत रडली होती आणि मी खिडकीबाहेर बघत म्हटलं होतं, "इथे भावनांना जागा नाही, इथे पान नंबर लागतो." ही वाक्यं मी तेव्हा घरी येऊन हिला सांगायचो. अभिमानाने.

कार्ड सापडलं. पांढरं, अक्षर हिचं, कोपरा अख्खा. त्यात नवल नव्हतं, तेच शोधत होतो. पण हातात धरून बसलो तेव्हा खालचा आधार खुपायला लागला. माझं वाक्य असतं तर त्याला आधार कशाला? 'आपलं' म्हटलं की खाली जागा रिकामी सोडायची. इथे मात्र स्वच्छ लिहिलेलं: कोश, चार, सतरा. हा कोश म्हणजे बंदरवाल्यानंतर हजारएक वर्षांनी झालेल्या एका किरकोळ कोशकाराचा. त्यात जुन्या शब्दांना दाखले म्हणून बुडालेल्या पुस्तकांची वाक्यं दिलेली आहेत. बंदरवाल्याचे पाच उतारे आपल्याला त्यातूनच मिळाले. म्हणजे सहावाही असेल? मी विसरलो असेन? सत्तरी जवळ आली, काय सांगावं.  दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. काउंटरवर आता कुणीच नव्हतं, शिपायाने दार उघडलं आणि म्हणाला, "सर, तुमचं तुम्ही काढून घ्या." कुठल्या कपाटात ते मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत मला कधी कपाटापर्यंत जावंच लागलं नव्हतं. अर्धा तास धुंडाळल्यावर कोश मिळाला. तीन खंड. शेवटचा खंड उघडून शेवटचं पान बघितलं. मग ओळीने तिन्ही. या कोशाला तीनच भाग आहेत. चौथा भाग कुणी कधी लिहिला नाही.

ही असली चूक हिच्याकडून होणं शक्य नव्हतं. आकड्यांत ती मला ऐकायची नाही; उलट माझेच आकडे दुरुस्त करायची. मी खंड तसेच टेबलावर टाकून बाहेर पडलो, जिना उतरायला लागलो, कठड्याला धरून, हल्ली गुडघे कुरकुरतात, आणि मधल्या वळणावर थांबलो. चार, सतरा. चौथा मजला, सतरा नंबर. त्या जुन्या घरात आम्ही बावीस वर्षं राहिलो. लिफ्ट नव्हती. पत्रांवर हिच्या हाताने हजार वेळा लिहिलेला तो पत्ता. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी, जिची वरची कडी लागायची नाही. मी तिथेच पायरीवर बसलो. वर जाणारी दोन मुलं म्हणाली, "सर, पाणी आणू?" मी म्हटलं, "नको रे, जा." वाक्याचा आधार होता आमचं घर. बाई, बाई, काय केलंस हे!

मग आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते तिथेच होतं, मी उलगडून बघितलं नव्हतं एवढंच. मी परदेशी गेलो होतो, दोन महिने, एका मोठ्या ग्रंथालयात हस्तलिखितं बघायला. त्या दोन महिन्यांत माझी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं; मुलीला टायफॉइड झाला. हिने मला काहीच कळवलं नाही. पत्रात 'सर्व ठीक' लिहायची. आलो त्या संध्याकाळी घर भरलं होतं: भाऊ, वहिनी, शेजारचे, कॉलेजातले चौघे. प्रवास कसा झाला, ग्रंथालय कसं होतं, थंडी किती होती. मी दोन तास बोललो. आईच्या खाटेवर बसून बोललो, तिच्या पायावरचं प्लास्टर बघत. सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. न वळता तिने ते वाक्य म्हटलं. सावकाश, एकेक शब्द, मला लिहून घ्यायचं असल्यासारखं. आणि मी काय म्हणालो तेही आठवलं. मी हसलो. म्हणालो, "वा! बंदरवाल्याची संगत लागली की तुला! पण तत्त्वज्ञान असं कपबशा विसळताना होत नसतं गं." आणि पाणी पिऊन झोपायला गेलो. दमलो होतो. ती किती दमली असेल हे मनात आलं नाही. आज आलं, सव्वीस वर्षांनी, ग्रंथालयाच्या जिन्यात.

घरी आलो, जेवलो नाही, आणि हिची आणखी वाक्यं आठवायला बसलो. हा तर माझा धंदा. बुडालेल्या माणसाची वाक्यं गोळा करणं मला येतं. कोरा कागद घेतला आणि आकडे घातले. नियम कडक: तिचेच शब्द हवेत, 'साधारण असं काहीतरी म्हणाली' चालणार नाही. तासाभरात सात झाली. सात! एकेचाळीस वर्षांचा संसार आणि सात वाक्यं, बंदरवाल्याची बरी. आणि सातही मला का आठवत होती? तर मी ती चारचौघांत सांगितली होती म्हणून. 'आमची ही म्हणते, मेलेल्या माणसांची उणीदुणी काढायला तुम्हाला पगार मिळतो.' हशा. 'आमची ही म्हणते, तुमच्या पुस्तकात बाई एकही नाही, त्यांना भूक लागत नव्हती का?' हशा. मी वर उत्तर द्यायचो, तिला गप्प करणारं, आणि ते उत्तरच मुख्य असायचं. म्हणजे मीच तो चिडका पंडित. जे मी खोडलं तेवढंच राहिलं. ज्याच्याशी मला वाद घालायचा नव्हता ते सगळं गेलं. संध्याकाळी दिवा लावताना ती काय बोलायची, झोपेत कूस बदलताना काय पुटपुटायची, शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात माझ्या शर्टाचं बटण धरून काय म्हणत होती. काहीतरी म्हणत होती. मी डॉक्टरांच्या कागदावरचे आकडे वाचत होतो.

दुपारी मुलीला फोन केला. मुलगी दुसऱ्या शहरात असते, जनावरांची डॉक्टर आहे. फोनवर मागे नेहमी काहीतरी ओरडत असतं. "बोला बाबा, गोळ्या घेतल्या?" मी म्हटलं, घेतल्या, आणि विचारलं, "तुला आईचं ते किनाऱ्याचं वाक्य माहीत आहे?" मागचं भुंकणं लांब गेलं, ती उठून दुसऱ्या खोलीत गेली असावी. दार लावल्याचा आवाज आला.

"सापडलं तुम्हाला?" ती म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मी दहावीत असल्यापासून. आईने माझ्यासमोर लिहिलं ते कार्ड. म्हणाली, कोपरा नाही कापायचा याचा. बघू या किती दिवसांत पकडतात. मला वाटलं, आठ दिवस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"शपथ घातली होती तिने. बाबा, ती कशी वाट बघायची तुम्हाला कळलंच नाही. पुस्तक छापून आलं त्या दिवशी तिने ते पान उघडून तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. आम्ही दोघी दाराआड उभ्या, तोंडावर हात दाबून. तुम्ही काय केलंत माहितीये? पुस्तक मिटलंत, वास घेतलात आणि म्हणालात, 'बांधणी बरी आहे.'" ती हसली. मलाही हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. "तुम्ही रागावणार, घर डोक्यावर घेणार, अशी तयारी होती तिची. उत्तर पाठ करून ठेवलं होतं. दुसऱ्या आवृत्तीला म्हणाली, आता नक्की. प्रुफं तुम्ही तिलाच वाचायला दिलीत. तिसऱ्या आवृत्तीनंतर त्यावर बोलायची बंद झाली."

"काय उत्तर पाठ केलं होतं?"

"ते नाही सांगितलं मला."

"आजारपणात तरी सांगायचं."

"मी म्हटलं होतं तिला, हॉस्पिटलात. आई, सांगून टाक आता बाबांना. तर म्हणाली, 'सांगितलं की संपलं. त्यांना सापडू दे.'"  मग ती हळूच म्हणाली, "बाबा, जेवलात का?" मी हो म्हटलं. हल्ली मी तिच्याशी या एकाच विषयावर खोटं बोलतो. फोन ठेवता ठेवता विचारलं, "असं एकच आहे का गं?" ती म्हणाली, "मला एकच माहीत आहे. पण रात्री तुम्ही झोपल्यावर ती बसायची ना कार्डं लावत. मी काय शप्पथ सांगणार!"

गुरुवारी कॉलेजात गेलो. माझी जुनी खोली, माझीच खुर्ची, खुर्चीत चष्मेवाली. मला बघून उठायला लागली. टेबलावर नव्या आवृत्तीची प्रुफं, दोन गठ्ठे, वर पेपरवेट. "सर, उद्या जातंय छापायला," ती आनंदाने म्हणाली, "प्रवेश सुरू व्हायच्या आत मुलांच्या हातात." मी बसलो. येताना सगळी वाट मी शब्द जुळवत आलो होतो, काही कामाला आले नाहीत. म्हटलं, "बत्तिसावा काढ." तिने चष्मा सारखा केला. "बंदरवाल्याचा? सर, तो तर..." "तो त्याचा नाही. आधार खोटा आहे. कोशाला चौथा भागच नाही."  मग तिच्या गळ्यापासून वर लाली चढत गेली, रागाची की लाजेची कळेना. "मी बारा वर्षं शिकवतेय तो," ती म्हणाली. "आधार बघितला नाही, सर. तुमचा म्हणून नाही बघितला." मी म्हटलं, "मीही नाही बघितला." आणि मग जे आयुष्यात कधी म्हणायला जमलं नव्हतं ते म्हटलं, "एका चुकलेल्या पानासाठी मी तुझं वर्ष खाल्लं. आणि माझ्याच पुस्तकात हे निघालं." ती म्हणाली, "ते राहू द्या हो सर." तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "मग कुणाचं आहे ते?" मी सांगितलं, आमच्या हिचं. सगळं सांगितलं, ओटा, प्लास्टर, कोपरा, दाराआडच्या दोघी. ऐकताना तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "सर, राहू द्या ना मग. खाली टीप देऊ. काकूंच्या नावाने. किती जणांना आवडतं ते. माझ्याकडे एक मुलगी आहे, तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय."

मोह झाला. का नाही होणार? तिचं छापलेलं एकमेव वाक्य, आणि मीच ते खोडणार. सात होती, त्यांत हे आठवं, जे मी कुणाला हसवण्यासाठी कधी सांगितलं नाही. पण मी नाही म्हटलं. कारण ते विद्यार्थ्यांना लिहिलेलंच नव्हतं. ते मला लिहिलेलं होतं, पुस्तक हा फक्त पत्ता होता, कारण मी दिवसभर कुठे सापडतो हे तिला माहीत होतं. मिळालं. उशिरा मिळालं. आता ते तिथे ठेवून इतरांनी वाचण्यात काय अर्थ? हे मी चष्मेवालीला जमेल तसं सांगितलं. तिने मान हलवली, लाल पेन उचललं, एकशे अठ्ठ्याऐंशी पान काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी रेघ मारली. रेघ वाकडी आली. "आणि उद्या छापायला द्यायचं नाही," मी म्हटलं.

"सर! मुलांचं काय? कधीपर्यंत थांबवायचं?"

"माझं वाचून होईपर्यंत."

"पण तुम्ही तर..." ती थांबली. "सर, तुम्ही वाचलं नाहीये हे?"

"नाही," मी म्हटलं. "लिहून घेतलंय. वाचलं नाहीये."

गठ्ठे पिशवीत घालून घरी आणले. टेबल पुसलं, आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आज दहावा दिवस. चष्मेवाली फोन करत नाही, प्रकाशक करतात, मी उचलत नाही. मी प्रत्येक वाक्य वाचतो आणि थांबतो, आणि हे हिच्या तोंडात बसेल का, असं बघतो. बसणारी भलतीच निघतात. ज्यांना मी तीस वर्षं कोरडे, रुक्ष म्हणून शिकवलं ते लोक काहीतरी घरगुती बोलून जातात; भाकरीबद्दल, झोपेबद्दल, दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याबद्दल. हे इथे होतं? मी लिहून घ्यायला सांगत होतो तेव्हा होतं? ती मध्येच हात थांबवून विचारायची, हा असं का म्हणाला असेल. त्या त्या ठिकाणी आता मीही थांबतो आणि मला सांगता येत नाही. काल दुपारी दोनशे त्रेचाळीस पानावर आलो. एका म्हाताऱ्या तत्त्वज्ञाचा उतारा, याचंही पुस्तक बुडालेलं. 'तू ऐकलं नाहीस म्हणून मी बोललो नाही असं होत नाही.' मी पेन खाली ठेवलं.  तिचा आवाज, तिची ढब, ते शेवटचं 'असं होत नाही' म्हणताना हनुवटी किंचित वर. मला शंकाच राहिली नाही. सापडली, असं मी मोठ्याने म्हणालो, रिकाम्या घरात. कार्ड काढलं; अक्षर तिचं, कोपरा अख्खा. टोपी घातली, ग्रंथालय बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून या गुडघ्यांनी जवळजवळ धावत गेलो, आता कपाट माहीत आहे, खंड काढला, भाग काढला, प्रकरण काढलं. वाक्य तिथे होतं. मूळ भाषेत, शब्दाला शब्द, अगदी दिलेल्या ओळीवर. भाषांतर माझं, बिनचूक. आधार बरोबर निघाला की मला जन्मभर आनंद व्हायचा. काल मी ते पान उघडं ठेवून, दोन्ही हातांत तोंड घालून, शिपाई दिवे घालवायला येईपर्यंत रडलो.